पुंगीविना वाजलेली पुंगी

'नागिन'मधील पुंगीची धून लोकपरंपरेतून आली असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो स्वर फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका इलेक्ट्रॉनिक वाद्याचा होता आणि ते वाद्य वाजविणारे होते गिरगावातील एका किराणा दुकानदाराचे पुत्र कल्याणजी वीरजी शाह. वाद्य विस्मृतीत गेले, वादक पुढे संगीतकार म्हणून विख्यात झाला. मात्र त्या स्वरामागचा वादक क्वचितच कुणाला आठवतो.

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव, मंचर किंवा आतल्या बाजूचे घोडेगाव. लग्नसराईत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील कोणत्याही मोठ्या गावात संध्याकाळी वरात निघाली, की थोड्या वेळाने एक क्षण हमखास येतो. बेंजोवाला किंवा कीबोर्डवाला ओळखीची ती नाकातून निघाल्यासारखी, थरथरती सुरावट छेडतो. घोळक्यातील एकजण हातरुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा दोन्ही हातांची फणा करून गुडघ्यांवर बसतो आणि वरात जागच्या जागी थबकते. त्या सुरावटीचे मूळ कोणते, असे विचारले तर बहुतेकजण 'नागिन' चित्रपटाचे नाव सांगतील. ती कोणत्या वाद्यावर वाजली, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : पुंगीवर.

हे उत्तर चुकीचे आहे. १९५४ साली प्रदर्शित झालेल्या 'नागिन'मध्ये 'मन डोले मेरा तन डोले' या गाण्यात ऐकू येणारा पुंगीचा तो प्रसिद्ध स्वर क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्याचा आहे. भारतीय चित्रपटसंगीतात इलेक्ट्रॉनिक स्वराने घराघरांत स्थान मिळविल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

व्हर्साय येथे जन्मलेले वाद्य

क्लॅव्हिओलिनची निर्मिती कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच अभियंत्याने १९४७ मध्ये व्हर्साय येथे केली. विजेवर चालणारी वाद्ये त्यापूर्वीही होती. परंतु ती एकतर अवाढव्य आणि महागडी होती, नाहीतर वाजविण्यास विलक्षण अवघड होती. मार्टिन यांचे वाद्य या दोन्ही अडचणींतून वाट काढणारे होते. सुमारे तीन सप्तकांची छोटी पट्टी आणि तिच्यासोबत ध्वनिवर्धक व कर्णा असलेली वेगळी पेटी, एवढाच त्याचा पसारा होता. उचलून नेता येण्याजोगे हे वाद्य पियानोच्या कडेला खालच्या बाजूने अडकविता येई. वादकाने डाव्या हाताने पियानोची साथ धरावी आणि उजव्या हाताने क्लॅव्हिओलिनवर मुख्य चाल वाजवावी, अशी ती सोय होती. इंग्लंडमध्ये सेल्मर आणि अमेरिकेत गिब्सन या कंपन्यांनी ते बाजारात आणले. नृत्यगृहांतील छोट्या वाद्यवृंदांना थोड्या खर्चात नवनवे आवाज मिळावेत, हा त्यामागील व्यापारी हिशेब होता.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. ट्रान्झिस्टर सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या काळात रेडिओमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. तशाच व्हॉल्व्हच्या साहाय्याने या वाद्यात विद्युत्स्पंदने निर्माण केली जात. कोणती पट्टी दाबली आहे त्यानुसार त्या स्पंदनांचा वेग बदले आणि त्याप्रमाणे स्वर उंच वा खाली होई. पट्ट्यांच्या खालच्या बाजूस छोट्या खटक्यांची रांग असे. त्यांच्या योगे स्वरातील काही अंश गाळून व काही उठावदार करून आवाजाचा पोत बदलता येई. स्वराला कंप देण्याची, त्या कंपाचा वेग व खोली कमी-अधिक करण्याची सोय होती. आवाज लहान-मोठा करण्यासाठी गुडघ्याने रेटावयाची एक दांडी होती. सप्तक वर-खाली सरकविण्याच्या खटक्यामुळे वाद्याचा एकूण पल्ला पाच सप्तकांपर्यंत जाई.

एक मर्यादा मात्र मोठी होती. या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघत असे. पाश्चात्त्य संगीतात, जेथे अनेक स्वरांचा एकत्रित मेळ हा पाया मानला जातो, तेथे ही उणीव होती. एकेका स्वराची ओळ विणत जाणाऱ्या भारतीय संगीतात मात्र तिची अडचण वाटण्याचे कारण नव्हते.

गिरगावातील किराणा दुकान

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी झाला. कुटुंब मूळचे कच्छमधील कुंदरोडीचे. वडील वीरजी शाह यांनी मुंबईत येऊन किराणा मालाचे दुकान थाटले आणि कुटुंब गिरगावात स्थिरावले. मराठी आणि गुजराती वस्ती एकमेकांत मिसळून गेलेला हा भाग. चाळीच्या गॅलरीतून भजने, गणेशोत्सवातील मेळे, गरबा आणि नाट्यपदे एकाच वेळी कानी पडावीत, असे तेथील वातावरण होते.

संगीताची ओळख कशी झाली याची एक गोष्ट या कुटुंबाविषयी नेहमी सांगितली जाते. दुकानातील एका गिऱ्हाइकाची उधारी थकली होती. पैसे देणे जमेना, तेव्हा त्या बदल्यात दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकविण्याचे त्याने कबूल केले. त्या शिक्षकाला स्वतःलाच संगीताची जाण बेताची होती, असेही या गोष्टीत मिस्किलपणे जोडले जाते. शिक्षण कसेही झाले असो, कल्याणजी आणि त्यांचे धाकटे बंधू आनंदजी (जन्म २ मार्च १९३३) यांना वाद्यांचे वेड लागले ते कायमचे. पुढे 'कल्याणजी वीरजी अँड पार्टी' या नावाने वाद्यवृंद उभा राहिला आणि मुंबईत व बाहेरगावी त्याचे कार्यक्रम होऊ लागले.

वाद्यवृंद चालविणाऱ्याला नव्या आवाजांचे आकर्षण असणे स्वाभाविक असते. श्रोत्यांनी यापूर्वी न ऐकलेले काहीतरी ऐकविणे, ही त्याच्या धंद्याची गरज असते. परदेशातून आलेले क्लॅव्हिओलिन कल्याणजींच्या हाती पडले ते या पार्श्वभूमीवर. पेटीची सवय असलेल्या हातांना त्याची पट्टी परकी वाटण्याचे कारण नव्हते. परंतु पेटीचा भाता हाताने हलवावा लागतो, तर येथे तेच काम वीज करीत होती आणि स्वर दमछाक न होता हवा तितका वेळ टिकत होता. नव्याने आत्मसात करावयाचे होते ते गुडघ्याने आवाजाला उतार-चढाव देण्याचे तंत्र आणि कंपाचे प्रमाण.

'नागिन'ची गरज

फिल्मिस्तानच्या 'नागिन'चे दिग्दर्शन नंदलाल जसवंतलाल यांनी केले होते. वैजयंतीमाला आणि प्रदीप कुमार यांच्या प्रमुख भूमिका, राजेंद्र कृष्ण यांची गीते आणि हेमंत कुमार यांचे संगीत. एकमेकींशी वैर असलेल्या दोन आदिवासी जमाती आणि त्यांतील तरुण-तरुणीचे प्रेम, असे कथानक. नायकाच्या पुंगीचा स्वर ऐकताच नायिका भान हरपून त्याच्याकडे ओढली जाते, हा या कथेचा कणा होता. म्हणजे पुंगी ही येथे केवळ साथीचे वाद्य नव्हती. तिच्या स्वराने प्रेक्षकही खेचला गेला नाही, तर नायिकेचे खेचले जाणे खोटे वाटले असते.

अशा वेळी खऱ्या गारुड्याला बोलावून ध्वनिमुद्रण का केले नाही, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पुंगीच्या घडणीत आहे. पुंगीत भोपळ्याच्या पोकळीत दोन नळ्या बसविलेल्या असतात. एका नळीतून सतत एकच आधारस्वर निघतो, दुसरीवर बोटे फिरवून सुरावट वाजविली जाते. दोन्ही नळ्यांत कंप पावणाऱ्या जिभल्या असतात. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि स्वर खंडित होऊ देत नाही. हे कसब मोठे असले तरी वाद्याचा पल्ला तोकडा, त्याची पट्टी घडविणाऱ्याच्या हातावर ठरलेली आणि ती बदलण्याची सोय नाही. लता मंगेशकर यांच्या गळ्याची पट्टी, व्हायोलिनचा ताफा आणि तालवाद्ये यांच्याशी असे वाद्य तंतोतंत जुळविणे अत्यंत कठीण. गाण्याच्या चालीला हवी असलेली प्रत्येक सुरावट त्यातून निघेलच, याचीही खात्री नाही.

क्लॅव्हिओलिनने हा पेच सोडविला. कल्याणजी त्या वेळी हेमंत कुमार यांच्याकडे साहाय्यक होते. त्यांनी क्लॅव्हिओलिनवर पुंगीचा स्वर उभा केला. हेमंत कुमार यांचे दुसरे साहाय्यक रवी यांनी त्याला हार्मोनियमची जोड दिल्याचे सांगितले जाते. पुंगीत दोन नळ्या असतात, तशीच ही दोन पेटीवादकांची जोडी म्हणावी लागेल.

नक्कल इतकी हुबेहूब का?

जिभलीचे कोणतेही वाद्य, मग ती पुंगी असो, सनई असो वा पेटी, हवेचा प्रवाह क्षणाक्षणाला अडवून व सोडून स्वर निर्माण करते. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा होते आणि त्यातून टोकदार, किंचित नाकात बोलल्यासारखा आवाज तयार होतो. क्लॅव्हिओलिनमधील व्हॉल्व्हचे मंडलही विजेच्या प्रवाहाची अशीच झपाट्याने चालू-बंद करीत असते. हवेऐवजी वीज एवढाच फरक. मूळ क्रिया बरीचशी एकाच जातीची. योग्य खटके दाबून त्या आवाजातील नाकेपणा ठळक केला आणि त्यावर थोडा कंप चढविला, की पुंगीचा भास निर्माण होतो.

परंतु वाद्य केवळ आवाज पुरविते. त्याला पुंगीपण देतो तो वादक. क्लॅव्हिओलिनच्या पट्ट्या पियानोसारख्याच सुट्या सुट्या असल्याने त्यावर खरी मींड घेणे शक्य नसते. पुंगीवादक बोटे अर्धवट उचलून स्वरावरून स्वरावर घसरतो. पेटीवर हाच आभास निर्माण करण्याची युक्ती आपल्याकडील वादकांनी पूर्वीच शोधून ठेवली होती. मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श देणे, दोन-तीन स्वरांची चटकन गिरकी घेणे, एखादा स्वर लांबवून मग एकदम सोडणे, या त्या युक्त्या. संगीत नाटकांच्या काळात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला जवळजवळ गळ्याची लवचीकता दिली होती. त्याच हिंदुस्थानी पेटीवादनाचे संस्कार क्लॅव्हिओलिनच्या पट्ट्यांवर उतरले. युरोपातील नृत्यगृहांत हेच वाद्य वाजे तेव्हा ते व्हायोलिनची किंवा ट्रम्पेटची नक्कल करीत असे. गारुड्याच्या पुंगीचा विचार त्याच्या निर्मात्याने केला असण्याची शक्यता जवळपास नाही.

त्या काळातील ध्वनिमुद्रणाची पद्धतही लक्षात घ्यावयास हवी. आजच्यासारखे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर जुळविण्याची सोय तेव्हा नव्हती. गायक आणि सारे वादक एकाच वेळी, एकाच दालनात बसत. कुणा एकाची चूक झाली, की सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. व्हॉल्व्हवरील वाद्य तापले, की त्याचा सूर सरकण्याची भीती असते. अशा वाद्यावर गाण्याची सर्वाधिक उठून दिसणारी ओळ वाजविणे हे जोखमीचे काम होते.

सापांच्या आख्यायिका आणि वस्तुस्थिती

'नागिन' १९५४ मधील सर्वाधिक यशस्वी चित्रपटांत गणला जातो. त्याच्या संगीतासाठी हेमंत कुमार यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. गाणे सुरू होताच चित्रपटगृहात साप शिरत, अशा आख्यायिका गावोगावी पसरल्या आणि आजही चवीने सांगितल्या जातात. सापाला बाह्यकर्ण नसतो. जमिनीतून येणारी कंपने तो प्रामुख्याने जाणतो. हवेतून येणाऱ्या ध्वनीलाही साप काही प्रमाणात प्रतिसाद देतात, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले असले, तरी गारुड्यासमोर तो डोलतो तो सुरावटीमुळे नव्हे. हलणाऱ्या पुंगीवर आणि हातावर त्याची नजर खिळलेली असते. या आख्यायिकांत तथ्य नाही, परंतु त्यांतून एक गोष्ट कळते. विजेवर निर्माण झालेला तो स्वर खऱ्या पुंगीचाच आहे, याविषयी प्रेक्षकांना तिळमात्र शंका नव्हती.

या यशाची एक दुसरी बाजूही आहे. चित्रपटातील पुंगी एकदा कानांत बसल्यावर खरी पुंगी अनेकांना अपुरी वाटू लागली. तिचा खरखरीत आधारस्वर, तिची बेताची सुरावट यांची जागा गुळगुळीत, लांबलचक आणि हव्या त्या पट्टीत वाजणाऱ्या स्वराने घेतली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे साप पकडून खेळ करण्यावर बंधने आली. वन्यजीवांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु त्या खेळाबरोबर गारुडी आणि त्याची पुंगी हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशी झाली. आजच्या शहरी तरुणाने अस्सल पुंगी क्वचितच ऐकलेली असते. त्याच्या मनातील पुंगीचा आवाज हा क्लॅव्हिओलिनचा असतो.

नाव कुणाचे?

हिंदी चित्रपटसृष्टीत श्रेयाचा प्रश्न तेव्हाही नाजूक होता. १९४९ च्या 'महल'मधील गाण्याच्या आरंभीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, तर पडद्यावरील पात्राचे 'कामिनी' हे नाव छापले गेले होते. पार्श्वगायकांची नावे तबकडीवर येण्याची प्रथा त्यानंतर रुळली. संगीतकार आणि गीतकार यांची नावे श्रेयनामावलीत असत. वादकांना मात्र तेथे जागा नव्हती. ज्या स्वराने 'नागिन'ची ओळख घडविली, तो वाजविणाऱ्याचे नाव सामान्य रसिकांपर्यंत पोहोचले ते बहुतांशी नंतरच्या मुलाखती, आठवणी आणि लेखांमधून.

कल्याणजींच्या बाबतीत निदान एवढे तरी झाले, कारण पुढे ते स्वतः मोठे संगीतकार झाले आणि त्यांच्या आठवणी विचारल्या गेल्या. मुंबईच्या ध्वनिमुद्रण दालनांत आयुष्य घालविलेल्या असंख्य गोवेकर, पारशी, मराठी आणि उत्तर भारतीय वादकांच्या वाट्याला तेही आले नाही. कोणत्या गाण्यातील बासरी, मेंडोलिन वा अ‍ॅकॉर्डियन कुणाचे, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. त्यामुळे 'नागिन'चे उदाहरण हे विस्मृतीतून सुटलेल्या थोड्या अपवादांपैकी एक ठरते.

वादक ते संगीतकार

'नागिन'नंतर लवकरच दोन्ही साहाय्यकांनी स्वतंत्र वाट धरली. रवी यांचा 'वचन' १९५५ मध्ये आला. कल्याणजींना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी १९५८ च्या 'सम्राट चंद्रगुप्त'ने दिली. तेथे त्यांचे नाव कल्याणजी वीरजी शाह असे लागले. १९५९ च्या 'सट्टा बाजार' आणि 'मदारी' या चित्रपटांपासून आनंदजी सोबत आले आणि 'कल्याणजी-आनंदजी' ही जोडी रूढ झाली. पुढे संगीतकार म्हणून विख्यात झालेले लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हे आरंभी त्यांचे साहाय्यक होते.

१९६० चा 'छलिया', १९६५ चे 'हिमालय की गोद में' आणि 'जब जब फूल खिले', १९६७ चा 'उपकार', १९७० चे 'जॉनी मेरा नाम' आणि 'पूरब और पश्चिम', १९७३ चा 'जंजीर', १९७८ चे 'डॉन' आणि 'मुकद्दर का सिकंदर', अशी त्यांच्या यशाची रांग आहे. १९६८ च्या 'सरस्वतीचंद्र'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, तर १९७४ च्या 'कोरा कागज'साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९२ मध्ये दोघा बंधूंना पद्मश्रीने गौरविण्यात आले. धाकटे बंधू बाबला यांनी 'डिस्को दांडिया'च्या माध्यमातून वाद्यवृंदाची घरातील परंपरा पुढे नेली. २४ ऑगस्ट २००० रोजी कल्याणजींचे निधन झाले.

श्रेयाच्या प्रश्नाने त्यांच्या संगीताची पाठ मात्र नंतरही सोडली नाही. या वेळी तो अनुकूल दिशेने सुटला. 'द ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन गटाने २००५ मध्ये गाजविलेल्या एका गाण्यात 'डॉन' आणि १९७२ च्या 'अपराध' या चित्रपटांतील त्यांच्या रचनांचे अंश वापरले होते. त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि मूळ संगीतकार म्हणून या बंधूंची रीतसर नोंद झाली. अर्धशतकापूर्वी वादकाला न मिळालेली दाद संगीतकाराला सातासमुद्रापलीकडून मिळाली.

जगातील समकालीन वादक

आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर हुकूमत मिळविणारे कलावंत जगभरात मोजकेच होते. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेले थेरेमिन हे वाद्य स्पर्श न करता, हवेत हात हलवून वाजवावे लागते. व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर (१९११-१९९८) यांनी त्यावर असामान्य प्रभुत्व मिळविले आणि अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांसमवेत एकल वादन केले. फ्रान्समध्ये मोरिस मार्तेनो यांनी १९२८ मध्ये 'ओंद मार्तेनो' हे वाद्य सादर केले. त्यांच्या भगिनी जिनेत आणि नंतर जान लोरिओ यांनी ते मैफलींत रुजविले. जर्मनीत ओस्कार साला (१९१०-२००२) हे ट्राउटोनियम या वाद्याशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिले. हिचकॉकच्या १९६३ च्या 'द बर्ड्स' चित्रपटातील पक्ष्यांचे भयावह आवाज त्याच वाद्यकुळातील आहेत.

क्लॅव्हिओलिनचे भाग्य वेगळे होते. ते मैफलीचे वाद्य झाले नाही. ते लोकप्रिय गाण्यांत शिरले. १९६१ मध्ये डेल शॅनन यांच्या 'रनअवे' या गाण्यात मॅक्स क्रुक यांनी त्याचे बदललेले रूप वाजविले. उपग्रहाच्या नावावरून बांधलेली 'द टॉर्नेडोज' या गटाची 'टेलस्टार' ही धून १९६२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. बीटल्सनी १९६७ मध्ये ते वापरले, तर जॅझमधील सन रा यांनी त्यातून अंतराळाचा भास निर्माण केला. पाश्चात्त्यांनी क्लॅव्हिओलिनमध्ये भविष्यकाळ, यंत्रयुग आणि अवकाश ऐकले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे कल्याणजींनी त्याच वाद्यात गावाच्या चावडीसमोर बसलेला गारुडी ऐकला होता. हा फरक यंत्रातील नव्हता, कानांतील होता.

मुंबईतही ही वाट पुढे चालू राहिली. केर्सी लॉर्ड (१९३५-२०१६) यांनी १९७० च्या दशकात मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चरणजित सिंग (मृत्यू २०१५) यांनी १९८२ मध्ये भारतीय राग सिंथेसायझर आणि तालयंत्रावर वाजवून एक तबकडी काढली. त्या वेळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा परदेशी समीक्षक तिच्या आधुनिकतेने थक्क झाले.

वाद्य गेले, स्वर राहिला

ट्रान्झिस्टर आले, एकाच वेळी अनेक स्वर काढणारे विद्युत ऑर्गन आले आणि पुढे सिंथेसायझरने बाजार व्यापला. क्लॅव्हिओलिनचे उत्पादन थांबले. आज ते हौशी संग्राहकांकडे आणि संग्रहालयांतच आढळते.

परकी वाद्ये आपलीशी करण्याची परंपरा मात्र या मातीत जुनीच आहे. ज्या पेटीशिवाय नारायणगावचा तमाशाचा फड उभा राहत नाही, ती एकोणिसाव्या शतकात पॅरिसहून आलेली आहे. तिच्यावर आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीन दशके बंदी घातली होती. तरी ढोलकी, हलगी आणि तुणतुण्याच्या शेजारची तिची जागा हलली नाही. वरातीतील बेंजो म्हणजे १९१२ च्या सुमारास जपानमधील नागोया येथे घडविलेल्या तारवाद्याचा वंशज. त्याला विजेची जोड मिळाली आणि तो महाराष्ट्राच्या गल्लीबोळांचा झाला. क्लॅव्हिओलिन ना तमाशात आले, ना वरातीत. खेड्यापाड्यांत ते कुणी डोळ्यांनी पाहिलेही नसेल. तरीही त्याचा स्वर या साऱ्यांच्या बरोबरीने येथे नांदतो आहे.

चैत्रात नारायणगावी तमाशांच्या सुपाऱ्या ठरू लागतात, गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते आणि पाठोपाठ लग्नांचे मुहूर्त येतात. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर मग पुन्हा ती धून घुमते. वाजविणारा बहुधा विशीतला तरुण असतो आणि त्याच्यापुढे पुंगीचा तयार आवाज साठविलेला कीबोर्ड असतो. त्या आवाजासाठी कुणीतरी एकदा व्हॉल्व्ह तापण्याची वाट पाहत, गुडघ्याने दांडी सांभाळत, साऱ्या वाद्यवृंदासमोर एकेक स्वर जपून वाजविला होता. वरात थांबविणारे ते काही क्षण गिरगावातील त्या पेटीवाल्या हातांची देणगी आहेत. रुमाल दातांत धरून डोलणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज नाही. परंतु चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिताना गायक, गीतकार आणि संगीतकार यांच्या शेजारी वादकाच्या नावाचीही एक ओळ असावयास हवी, एवढे मात्र 'नागिन'च्या त्या धुनेकडे पाहून निश्चित म्हणता येईल.